साका : उतारा वाढविण्याच्या पद्धती

विद्रावातील पदार्थ विक्रियाकाच्या साहाय्याने साक्याच्या रूपात खाली बसविताना तो शक्य तितका पूर्ण हाती यावा म्हणून योजावयाचे उपाय. येथे मुख्यतः बेरियम सल्फेटाचा विचार केला आहे. सल्फेटाच्या भारात्मक विश्लेषणात (साक्याच्या वजनावरून पदार्थाचे प्रमाण काढण्याच्या पद्धतीत) हाच साका घेतात.

बेरियम सल्फेट २५° से.ला लिटरभर पाण्यात जेमतेम २.४ मिग्रॅ. विरघळते. बेरियम क्लोराइड गरजेपेक्षा थोडे जास्त घातले की समआयन परिणामामुळे (साक्यातीलच एक आयन विद्रावात जास्त असल्याने विद्राव्यता घटते त्यामुळे) तेवढेही विरघळत नाही. मात्र विक्रियाक सढळ हाताने ओतणे सर्वत्र चालत नाही. सिल्व्हर क्लोराइडाच्या विद्रावात क्लोराइड फार झाल्यास जटिल आयन बनून साका पुन्हा विरघळू लागतो.

खरी तूट येते ती गाळताना. अतिसंपृक्तता (विद्राव्यतेच्या मर्यादेपलीकडे पदार्थ विद्रावात असणे) जितकी जास्त तितके कण बारीक, हा संबंध रसायनज्ञ फोन वायमार्न यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला. असे कण गाळण कागदातून निसटतात. म्हणून विद्राव विरल, गरम व किंचित अम्लीय ठेवून विक्रियाक थेंबाथेंबाने, ढवळत घालतात. विक्रियाक विद्रावातच सावकाश निर्माण करण्याची पद्धतही आहे. विलर्ड व टँग यांनी १९३७ मध्ये ॲल्युमिनियमासाठी त्याकरिता यूरिया वापरला.

त्यानंतर साका मूळ द्रवातच तासभर किंवा अधिक वेळ गरम ठेवतात. या पाचनाने कण सहज गाळण्याजोगे का होतात, याविषयी मतभेद आहेत. ओस्टव्हाल्ट यांच्या विवेचनानुसार लहान कण अधिक विद्राव्य असल्याने ते विरघळून मोठ्यांवर जमतात. कोल्टहॉफ यांनी १९३० नंतरच्या दशकात लेड सल्फेटावर किरणोत्सर्गी शिशाच्या साहाय्याने प्रयोग केले व प्रत्येक कणाच्या अंतर्गत पुनर्स्फटिकीभवनावर (स्फटिकाची रचना आतल्या आत नव्याने जुळण्यावर) भर दिला. अत्यल्प विद्राव्य साक्यांच्या बाबतीत हे मत अधिक ग्राह्य वाटते. पाचनाने अडकलेले बेरियम क्लोराइडही काहीसे सुटते. ते राहिल्यास वजन फसवे वाढते.

चंचुपात्राच्या कडेला चिकटलेला साका रबरी टोकाच्या काचकांडीने खरवडून घेतात. बेरियम सल्फेट गरम पाण्याने, थोडे थोडे पाणी घेऊन धुतात. सिल्व्हर क्लोराइड शुद्ध पाण्याने धुतल्यास कलिल (द्रवात तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे मिश्रण) बनून कागदापार जाते, त्यामुळे तेथे विरल नायट्रिक अम्ल वापरतात. मुशीत गाळण कागद जाळताना हवा अपुरी पडली, तर कार्बनामुळे काही सल्फेटाचे सल्फाइड होऊन वजन घटते. सल्फ्यूरिक अम्लाचा थेंब टाकून पुन्हा तापविल्यास ते भरून येते.