खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड : आधी सॅकचं बघा

आमच्या हरिश्चंद्रगड ट्रेकचं बुकिंग झालं की ठरलेला फोन येतो, "तुम्ही खिरेश्वरऐवजी पायथ्याच्या दुसऱ्या गावाहून, पाचनईहून, का नेत नाही? ती वाट सोपी आहे ना?" आहेच सोपी. बरोबर लहान मुलं किंवा ज्येष्ठ मंडळी असतील तर आम्हीही पाचनईहूनच नेतो, फक्त तसं आधी कळवा. पण तोलार खिंडीची चढण, खिंडीतलं व्याघ्रशिल्प, रेलिंग लावलेला कातळ आणि त्यापुढे गडावरच्या देवळापर्यंत टेकडीमागून टेकडी चढवणारी रानवाट, हे सगळं हवं असेल तर खिरेश्वरच.

आता मुद्द्याचं. या ट्रेकला उशीर होतो तो माणसं दमतात म्हणून कमी, हातातल्या सामानामुळे जास्त. खिंडीपर्यंत कुणाला काही जाणवत नाही. पुढे कातळाचा उभा टप्पा येतो आणि तिथे दोन्ही हात मोकळे लागतात. नेमकी तेव्हाच एकाच्या हातात बाटली, दुसऱ्याच्या खांद्यावरून घसरणारी शबनम, तिसऱ्याच्या सॅकला बाहेरून बांधलेली मॅट रेलिंगमध्ये अडकलेली. मग एकेक वस्तू हातोहात वर पोचवायची आणि तोवर मागची सगळी रांग उन्हात ताटकळत उभी. शिवाय या वाटेवर माकडं आहेत. हातात लोंबणारी कॅरीबॅग त्यांना आपल्यासाठीच आणलेली वाटते.

तेव्हा सगळं सामान पाठीवरच्या एकाच सॅकमध्ये, दोन्ही पट्टे खांद्यांवर, बाहेर काहीही लटकवायचं नाही. तीन लिटर पाणी, तेही आतच. जड वस्तू पाठीलगत भरा, नाहीतर चढताना सॅक मागे ओढते. मोबाइल चेनच्या खिशात. फोटोंसाठी आम्ही थांबतो, पण कातळावर नाही.

निघण्याआधी खिरेश्वरला आम्ही प्रत्येकाची सॅक बघतो. "झडती घेताय का?" असं विचारणारे भेटतात. हो, घेतो! जास्तीचं सामान गाडीत कुलपात राहतं, परतल्यावर तसंच्या तसं मिळतं. गडावर पाठवायला हमाल आम्ही ठेवत नाही आणि ठेवणारही नाही.

तसंही वर फार काही लागत नाही. तंबू, मॅट, स्लीपिंग बॅग आम्ही देतो, रात्री गरम पिठलं-भाकरी असते. सगळं फीमध्येच धरलेलं आहे.

"इंद्रवज्र दिसेल ना?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. इंद्रवज्र म्हणजे धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याला ते इथे दिसलं, तुम्हाला दिसेलच असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्यासाठी पाठीशी सूर्य आणि समोर दरीत धुकं लागतं. ते जिथून बघायचं तो गडाचा उभा कडा, कोकणकडा, पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे हा योग सकाळचाच. एका दिवसात जाऊन येणाऱ्यांना तो साधणं कठीण, म्हणून आमचा ट्रेक मुक्कामाचा असतो.

चांगली सॅक नसेल तर नवी घ्यायची घाई करू नका. आमच्याकडे भाड्याने मिळते, दोन दिवस आधी सांगा. पट्टे कसे बसवायचे ते खिरेश्वरला दाखवतो.