हँडल टाकीला का लागतं : मानेखालच्या स्टॉपरची पूर्वकथा

धुळे असो, अमळनेर असो की शहादा, गॅरेजवर कुणी जुनी मोटरसायकल लावून "हँडल टाकीले लागस, भाऊ" म्हणाला, की जाणता मिस्त्री टाकीकडे बघतच नाही. तो खाली वाकतो आणि चेसीच्या मानेखाली, जिथे शॉकअपची टी (पुढचे दोन पाइप एकत्र धरणारा आडवा तुकडा) फिरते, तिथे बोट घालतो. तिथे बोटाच्या पेराएवढी एक लोखंडी गाठ असते. तिला सगळे स्टॉपर म्हणतात. हँडल ठरावीक कोनाच्या पुढे जाऊ नये एवढंच तिचं काम. ती वाकली किंवा तुटली, की शॉकअपचा पाइप नाहीतर हँडलचा दांडा थेट टाकीवर जातो आणि पत्र्यात खळी पडते. आमच्या घरच्या जुन्या गाडीला अशा दोन खळ्या होत्या, डावी जरा जास्त खोल. लहानपणी मला ती कंपनीचीच नक्षी वाटायची.

या खळीचं मूळ शोधायचं तर सायकलपर्यंत मागे जावं लागतं. सायकलचं हँडल कितीही फिरवा, फार तर दांडीवर ओरखडा उठतो. पहिल्या मोटरसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच होत्या. त्यांची टाकी चपटी आणि अरुंद असे, वरच्या दोन आडव्या नळ्यांच्या मध्ये डब्यासारखी अडकवलेली. हँडल तिच्या बरंच वरून फिरायचं. त्यामुळे दोघांची गाठ पडायचा फारसा प्रश्न नव्हता.

१९२० च्या दशकात टाकी वर चढली. नळ्यांच्या मध्ये लटकण्याऐवजी ती वरच्या नळीवर दोन्ही बाजूंनी बसू लागली आणि नावही पडलं 'सॅडल टँक', म्हणजे खोगीर-टाकी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात खोगीर पाहिलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगायला नको. पेट्रोल जास्त मावू लागलं, गाडी भारदस्त दिसू लागली, आणि दशक संपता संपता बहुतेक ब्रिटिश कारखान्यांनी हीच पद्धत उचलली. पण खोगिराला खांदे असतात. टाकीचे खांदे आता हँडलच्या मानेला येऊन भिडले.

दुसरा बदल पुढच्या काट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या भागात झाला. आधी गर्डर काटे असत, पुढे स्प्रिंग आणि सांध्यांवर हलणारा सांगाडा. १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १२ या गाडीला तेलाने दाब सोसणारे टेलिस्कोपिक काटे दिले, १९४१ मध्ये मॅचलेसच्या लष्करी जी ३ एल वर तसेच काटे आले, आणि युद्धानंतर ते सगळीकडे पसरले. आपण ज्याला 'शॉकअप' म्हणतो ते हेच. चाक आणि टायर मध्ये मावायचं म्हणजे दोन पाइप एकमेकांपासून लांब हवेत, आणि ते सरळ वर टाकीच्या नाकापर्यंत जाणार.

इथे थोडं गणित करून बघण्यासारखं आहे. पाइप मानेच्या मध्यापासून १० सेंटिमीटर बाजूला आणि ५ सेंटिमीटर पुढे आहे असं धरा. हँडल ४० अंश डावीकडे वळवलं तर डावा पाइप साडेसात सेंटिमीटर मागे येतो. म्हणजे आधी मानेच्या पुढे असलेला पाइप आता तिच्या अडीच सेंटिमीटर मागे गेला, नेमका टाकीचा खांदा असतो तिथे. हँडलची मूठ मानेपासून ३५ सेंटिमीटर बाजूला असेल, तर ती २० सेंटिमीटरहून जास्त मागे येते. टाकी रुंद, पाइप दूर, हँडल लांब, आणि वर गिऱ्हाइकाला गाडी गल्लीत एका दमात वळायला हवी. या ओढाताणीतला समझोता म्हणजे स्टॉपर.

समझोता प्रत्येक गाडीत वेगळा ठरला. रोजच्या वापराच्या गाडीचं हँडल साधारण ४० अंशांच्या आसपास वळतं, शर्यतीच्या धाटणीच्या गाडीचं बरंच कमी. डोंगरात दगडधोंड्यांवरून चालवायच्या ट्रायल गाडीत उलटं केलं : टाकीच पुढून निमुळती करून टाकली, म्हणजे हँडलला हवं तेवढं वळता यावं.

आपल्याकडे या गाड्या तयार रूपातच आल्या. १९५५ मध्ये मद्रासला बुलेटची कंपनी उभी राहिली, १९६१ पासून म्हैसूरला जावा बनू लागली, आणि पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली राजदूत खेड्यापाड्यांत दूधवाल्यांची गाडी झाली. १९८४ ते ८६ या काळात जपानी भागीदारीतल्या १०० सीसी गाड्या आल्या. त्या हलक्या होत्या, सायकलवरून उतरलेल्या माणसालाही झेपत. पण खानदेशात गाडी नुसती माणसं वाहत नाही. मागे दुधाचे कॅन, चाऱ्याचा भारा, रावेर-यावलच्या बागांत खताची गोणी. असं ओझं घेऊन साइड स्टँडवर उभी गाडी मऊ जमिनीत कलंडते, हँडल झटक्यात टोकाला जातं, आणि मार बसतो त्या पेराएवढ्या गाठीला.

तो मार किती? स्टॉपर मानेच्या मध्यापासून चारेक सेंटिमीटरवर, मूठ ३५ वर. म्हणजे जवळजवळ नऊपट तरफ. मुठीवर २० किलोचा जोर आला की स्टॉपरवर पावणेदोनशे किलो. चोर लाथ मारून हँडल लॉक तोडतो तेव्हा हीच तरफ वापरतो, आणि बऱ्याचदा लॉकबरोबर स्टॉपरही वाकवून जातो. गाडी परत मिळाल्याच्या आनंदात मालक तिकडे बघत नाही. महिन्याभराने टाकीवर खळी दिसते. चांदसैलीच्या घाटातल्या वळणांचा यात काही दोष नसतो, कारण चालत्या गाडीत हँडल टोकापर्यंत जातच नाही. टाकीचं नुकसान होतं ते उभ्या गाडीत, अंगणात.

मग हौस आली. इंग्लंडात १९५०-६० च्या दशकांत कॅफे रेसरवाल्यांनी, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीला शर्यतीचं रूप देणाऱ्या पोरांनी, क्लिप-ऑन हँडल लावायला घेतलं. ते थेट शॉकअपच्या पाइपला आवळून बसतं, म्हणजे मूठ टाकीच्या पातळीला. तिकडे त्यासाठी टाकीच्या बाजूला खोबणी ठोकून घेत. आपल्याकडची कॉलेजची पोरं हँडल बदलतात, टाकी तीच ठेवतात, आणि गाडी वळवताना अंगठा मूठ आणि टाकीच्या मध्ये सापडला की मगच स्टॉपर आठवतो. दुसऱ्या गाडीचा जाड शॉकअप टीसकट बसवला तरी तेच, कारण स्टॉपरची जागा चेसी आणि टी या दोघांच्या मापावर ठरलेली असते.

दुरुस्तीचे मार्ग तीन. झिजलेल्या जागी वेल्डिंगचा थर भरून कानशीने घासणं सगळ्यात जुनं. काही गाड्यांत गाठीऐवजी बोल्ट आणि तो जागेवर पक्का धरणारा चेकनट असतो, तो फिरवून कोन लावता येतो. तिसरा मार्ग पाइपला आवळायच्या पट्टीचा, जी पाइपाच्या आधी चेसीला जाऊन टेकते. माझ्या मते तो तात्पुरताच, कारण पट्टी सरकते. वेल्डिंग करायचं तर टाकी उतरवून लांब ठेवायची, बॅटरीची वायर काढायची, आणि मानेतला बॉल-रेसर (ज्या गोळ्यांवर हँडल फिरतं ते बेअरिंग) आधी बाहेर घ्यायचा, नाहीतर उष्णतेने ग्रीस वितळून जातं. दोन्ही बाजू सारख्या भरायच्या. हँडल टोकाला नेल्यावर मूठ आणि टाकीच्या मध्ये बोटं सहज जायला हवीत, आणि केबल ताणली जाता कामा नये.

जास्त भरलं तरी पंचाईत. हँडल पुरतं वळलं नाही तर लॉकची पिन टीच्या भोकासमोर येत नाही, आणि टाकी वाचली तरी गाडीला कुलूप लागत नाही. म्हणून मुरलेला मिस्त्री कानस मारताना चावी लॉकलाच ठेवतो आणि दोन-चार हात मारले की फिरवून बघतो.