गाडीचा रुबाबदार फोटो

चारचाकी जागेवर उभी असली तरी दणकट, वजनदार आणि जरा दरारा असलेली दिसावी अशा बेतानं काढलेला फोटो. कोल्हापुरात याला सरळ 'गाडीचा कडक फोटो' म्हणतात. शोरूमच्या दारातला हार, नारळ आणि चाकाखाली लिंबू असलेला डिलिव्हरीचा फोटो यात धरायचा नाही, त्यात गाडीपेक्षा घरातली माणसं महत्त्वाची असतात.

उगम : यावर एकमत नाही. बरेच जण झाक आंरी लार्तीग या फ्रेंच फोटोग्राफरच्या ग्रां प्री शर्यतीतल्या फोटोकडे बोट दाखवतात. त्यात मागचं चाक पुढं झुकलेलं अंडाकृती दिसतं आणि कडेची माणसं, खांब उलट्या बाजूला कलल्यासारखे. कारण साधं आहे, त्या कॅमेऱ्याच्या शटरमधली फट सरकत असताना चाकाचा खालचा भाग आधी नोंदला गेला आणि वरचा नंतर, तोवर गाडी पुढं गेलेली, शिवाय त्यानं कॅमेरा गाडीबरोबर फिरवला पण गाडीपेक्षा हळू. फोटोवर साल १९१२ लावलं जायचं, पण गाडीवरचा ६ नंबर पडताळल्यावर तो बहुधा १९१३ चा असावा असं आता मानतात. तो जगापुढं नीट आला १९६३ मध्ये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधल्या प्रदर्शनात.

दुसरं मत जाहिरातींचं. १९५९ ते १९७१ या काळात आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन यांनी पाँटिॲक या अमेरिकी गाड्यांच्या जाहिरातींसाठी चित्रं रंगवली, त्यात गाडी मुद्दाम आहे त्यापेक्षा रुंद काढलेली असायची. आजच्या ब्रोशरमधली पोझ लार्तीगच्या तिरक्या चाकापेक्षा या रुंद नाकाच्या जास्त जवळची वाटते, म्हणून हे मत जास्त पटतं.

तंत्र : मुख्य गोष्ट कॅमेऱ्याची उंची. उभ्यानं काढलेल्या फोटोत बोनेट आणि टप दिसतं, गाडी दबलेली वाटते. गुडघ्यावर बसून कॅमेरा हेडलाइटच्या रेषेत किंवा त्याखाली आणला की बोनेट गायब होतं आणि ग्रिल थेट आभाळाला भिडतं. माणूस गाडीत चेहरा बघतो हा अंदाज जुनाच, २००८ च्या एका अभ्यासात व्हिएन्नाच्या संशोधकांना रुंद, बुटक्या आणि बारीक डोळ्यांच्या गाड्या लोकांना जास्त वरचढ वाटतात असं आढळलं. गाडी तिरकी लावायची, नाक आणि एक कूस दोन्ही दिसतील अशी, आणि पुढचं चाक असं वळवायचं की अलॉय आपल्याकडे बघेल, टायरची नक्षी नाही. मोबाईल जवळ नेला की नाक फुगतं आणि डिकी आक्रसते, त्यापेक्षा दहा पावलं मागं सरून २एक्स किंवा ३एक्स झूम लावलेलं बरं.

लेन्सवर लावून फिरवायच्या पोलरायझर फिल्टरनं पेंटवरची चमक मरते (पत्र्याला काटकोनात असलेल्या रेषेपासून मोजलेला कोन साधारण ५५ अंशांच्या आसपास असेल तर सगळ्यात जास्त), उघड्या क्रोमवर मात्र तो चालत नाही. बोनेट आणि पुढची काच एकाच फिरवण्यात साफ होत नाहीत, म्हणून जाणकार दोन फोटो काढून जोडतात. मागच्या काचेवर कधीकधी ठिपके उमटतात, तो दोष फिल्टरचा नाही, काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, असल्याचा.

कोल्हापुरातला वापर : रंकाळा चौपाटी सगळ्यांची आवडती, पण तिथं सूर्य तळ्यापलीकडं मावळतो, म्हणजे पाण्याला पाठ करून लावलेली गाडी काळी पडते. सूर्य गेल्यावरची पंधरा-वीस मिनिटं थांबलं तर आभाळाचा मऊ उजेड बॉनेटवर लांब पट्टा होऊन पडतो. गाडीच्या दारावर कशाचं प्रतिबिंब दिसतंय ते आधी बघावं, आमच्या एका दोस्ताच्या पांढऱ्या एसयूव्हीच्या फोटोत मागच्या दारात अख्खी भेळेची गाडी आणि उकिडवा बसलेला मी, दोन्ही स्पष्ट होतो. पन्हाळ्याला पावसाळ्यात धुक्यामुळं सावल्या मऊ होतात, ओला डांबरी रस्ता हेडलाइट दुप्पट करतो, काळ्या गाडीसाठी तर नाद खुळा जागा.

दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा मात्र गर्दीत गुडघा टेकायला जागा नसते, सगळे हात उंच करून वरून क्लिक करतात, आणि एवढी भलीमोठी गाडी त्या फोटोत खेळण्याएवढी दिसते.