चाव्यापासून मेंदूपर्यंत

कुत्रा चावला की आपल्याकडे अजूनही कुणीतरी हळद, चुना नाहीतर लाल तिखट घेऊन धावतं. कृपा करून त्यांना थांबवा. त्या घटकेला जखमेला हवा असतो वाहता नळ आणि साधा साबण, घड्याळ बघून १५ मिनिटं. रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध आवरण असतं. ताटाचा तेलकटपणा साबणानं निघतो तसं ते सुटतं आणि विषाणू निकामी होतो.

तरीही जे विषाणू उरतात, ते रक्तातून पसरत नाहीत. ते मज्जातंतूत शिरतात आणि आतल्या आत मेंदूकडे निघतात, दिवसाला जेमतेम काही सेंटिमीटर. म्हणून लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात. चावा चेहऱ्यावर किंवा बोटांवर असेल तर त्याहून लवकर. लहान मुलांची मला म्हणूनच जास्त काळजी वाटते. त्यांचं तोंड कुत्र्याच्या उंचीला येतं.

या मधल्या दिवसांतच माणूस वाचवता येतो. जुलै १८८५ मध्ये लुई पाश्चरनं ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली ती कुत्रा चावल्यानंतरच, आणि मुलगा जगला. लक्षणं सुरू होऊन पाणी पाहून घसा आवळू लागला, की मात्र डॉक्टरांच्या हाती जवळजवळ काहीच राहत नाही.

लसीमुळे शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. चाव्यातून रक्त आलं असेल तर तेवढ्या काळासाठी तयार प्रतिपिंडं थेट जखमेत टोचतात. डॉक्टरांना त्याबद्दल आवर्जून विचारा. पोटातली ती १४ इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात. त्या जुन्या धास्तीनं कुणी घरी बसू नये.

कुत्री मारून हा रोग हटत नाही. कचरा तिथंच असतो, आणि मोकळ्या झालेल्या गल्लीत शेजारची, लस न घेतलेली कुत्री शिरतात. साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूला पुढचं घर सापडत नाही. गोव्यात जाळी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या पथकांनी वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस टोचली. तिथं कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं.

तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला खाच दिसली, तर त्याची नसबंदी झाली आहे आणि त्या वेळी लसही टोचली आहे. नसबंदी कायमची असते. लस मात्र दरवर्षी द्यावी लागते.