वाद्यावर वाजलेलं गाणं मनाला का निववतं?

ओळखीच्या गाण्याची चाल व्हायोलिनवर सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या सुरालाच शब्द मनात उमटू लागतात. गात कोणीच नसतं, तरी मुखडा पूर्ण ऐकू येतो. हा भास मेंदूत दिसतोसुद्धा. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी २००५ साली काही लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून गाणी ऐकवली आणि मधेमधे आवाज काही क्षण बंद केला. गाणं ओळखीचं असेल, तर त्या शांततेतही मेंदूचा श्रवणाचा भाग जागा राहत होता आणि ऐकणाऱ्यांना गाणं पुढे चालूच असल्यासारखं वाटत होतं. अनोळखी गाण्यांच्या बाबतीत तसं झालं नाही.

चित्रपटगीतांच्या वाद्यावरच्या रेकॉर्डी इतक्या वर्षांनंतरही का ऐकल्या जातात, याचं मर्म मला इथे दिसतं. वादक अर्धं गाणं देतो आणि उरलेलं अर्धं आपण भरतो. पण हे भरणं आपोआप व्हायला हवं. चालीने तेवढा आधार दिला नाही, तर कान शब्द शोधत बसतात आणि निवांतपणा संपतो.

हा आधार कसा देतात, ते प्रभाकर जोगांच्या (१९३२–२०२१) वादनात ऐकावं. ते सुधीर फडक्यांचे संगीत साहाय्यक होते आणि त्यांचं ‘गाणारं व्हायोलिन’ मराठी घराघरांत पोचलं. त्यांच्या गजाकडे, म्हणजे तारेवरून फिरणाऱ्या काठीकडे, लक्ष द्या. एखादं अक्षर तीन सुरांवर लांबवलेलं असेल, तर ते तिन्ही सूर एकाच गजात, न तुटता येतात. नवं अक्षर आलं की गज उलटतो किंवा निमिषभर थबकतो. ऱ्हस्व अक्षराला गज आखूड, दीर्घाला लांब. गायक जिथे श्वास घेतो, तिथे तारेवरचा दाब सुटतो. स्वर तेच ठेवून हे गजाचं व्याकरण काढून टाका, गाणं ओळखू येईल पण शब्द ऐकू येणार नाहीत. मोठा वादक आणि नुसती सुरावट वाजवणारा यांच्यातला फरक मला तरी इथेच जाणवतो.

हवाइयन गिटारचं बलस्थान वेगळं आहे. साध्या गिटारला पडदे, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या, असतात, त्यामुळे स्वर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारतो. हवाइयन गिटारवर डाव्या हातातला पोलादी दांडा तारेवरून सरकतो, तारेचा कंप पावणारा भाग सलग कमी-जास्त होतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, जशीच्या तशी निघते. विजेच्या जोडणीमुळे सूर लांबतोही. व्हॅन शिप्ली आणि कोलकात्याचे सुनील गांगुली यांच्या विजेवरच्या गिटारने हिंदी गाणी अशी काही गायली की दिवाणखान्यात, हॉटेलांत तोच नाद रुळला. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या अकॉर्डियनवर मींड शक्य नाही, पण भात्याने आवाज फुलवता आणि मिटवता येतो. पियानोला यातलं काहीच नाही. हातोडी तारेवर पडली की सूर विरायलाच लागतो. ब्रायन सायलससारख्या वादकाला मग कणस्वर (मुख्य स्वराआधी निसटता लागणारा सूर) आणि सूर लांबवणारं पेडल यांवर भागवावं लागतं.

शरीराच्या बाजूनेही कारणं आहेत. आवाज एकदम चढला की मेंदूतलं दचकण्याचं यंत्र सावध होतं. हळू चढला तर ते स्वस्थ राहतं. गजाचा किंवा बासरीचा सूर हळुवार उगवू शकतो, छेडलेल्या तारेचा क्षणात उभा राहतो. शिवाय ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारख्या व्यंजनांतला उंच पट्टीतला खरखरीत आवाज शब्दांबरोबरच निघून जातो.

लयीचा परिणाम तर मोजलेला आहे. इटलीतले संशोधक लुचानो बर्नार्डी यांनी २००६ साली संगीत शिकलेल्या आणि न शिकलेल्या मिळून २४ जणांना निरनिराळ्या शैलींचं संगीत ऐकवलं. त्यात आपलं रागसंगीतही होतं. श्वास, नाडी आणि रक्तदाब शैलीपेक्षा लयीच्या मागे गेले. सर्वांत जास्त विसावा मिळाला तो मधे ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत. एकामागून एक गाणी न थांबता लावणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला ओमर अली आणि झेहरा पेयनिर्जिओलू यांचा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. आनंदी आणि शांत चालींना शब्द जोडले की त्यांचा भाव थोडा फिका पडला. उदास आणि रागीट चालींना मात्र शब्दांनी धार आली. म्हणजे विरहगीत वाद्यावर आलं की त्यातली बोच कमी होते, आणि शांत गाणं आणखी शांत होतं. आवाजात जे गाणं संध्याकाळी सोसवत नाही, ते गिटारवर सहज ऐकवतं, ते बहुधा यामुळेच.

हल्लीच्या ‘लो-फाय’, म्हणजे मुद्दाम मंद आणि धूसर केलेल्या, आवृत्त्या यातल्या काही युक्त्या यंत्राने साधतात. उंच, खरखरीत आवाज दाबायचे, घुमारा वाढवायचा, वेग कमी करायचा. पट्टी न सांभाळता वेग १० टक्के कमी केला, तर पेटीच्या काळी दोन पट्टीतलं गाणं जवळजवळ काळी एकवर, म्हणजे खालच्या पट्टीत, येतं. आवाज जड आणि सुस्त होतो, पण गायकाच्या श्वासाच्या जागाही ताणल्या जातात. सुगम गाण्याला ते मानवत नाही, असं माझं मत आहे.

अभ्यासाला बसताना मात्र निवड बदलावी. सलामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांच्या १९८९ सालच्या प्रयोगात मागे गाणं वाजत असताना लोकांना आकडे क्रमाने लक्षात ठेवणं जड गेलं, नुसत्या वाद्यसंगीताचा त्रास त्यामानाने कमी झाला. पण पाठ असलेल्या गाण्याची धून लावली, तर शब्द मनात येणारच. म्हणून वाचताना-लिहिताना अनोळखी चाल बरी. लाडक्या गाण्यांचं व्हायोलिन हात कामात आणि डोकं मोकळं असेल तेव्हा लावावं: भाजी निवडताना, इस्त्री करताना, किंवा पुण्या-मुंबईच्या प्रवासात खिडकीशी बसल्यावर.