विशेषाधिकार व पात्रता, विधानमंडळ सदस्यांची (खानदेश)

राज्य विधानमंडळाच्या सदस्यांना सभागृहीय कामकाजासाठी मिळणारे कायदेशीर संरक्षण आणि त्यांच्या सदस्यत्वावरील निर्बंध. खानदेशातून विधानसभेवर २० सदस्य निवडून जातात (जळगाव ११, धुळे ५, नंदुरबार ४).

संविधानाच्या अनुच्छेद १९४ नुसार सभागृहातील भाषण किंवा मतदान यांबद्दल सदस्यावर न्यायालयात कारवाई करता येत नाही. या संरक्षणाचा उगम बहुधा १९३५ च्या भारत सरकार कायद्याशी जोडला जातो. तथापि प्रांतिक परिषदांतील भाषणस्वातंत्र्याची तरतूद १९१९ च्या कायद्यातही आढळत असल्याने तो त्या काळापर्यंत मागे नेणे अधिक सयुक्तिक दिसते. इतर विशेषाधिकार आजही संहिताबद्ध नाहीत. मूळ अनुच्छेदात ते ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सप्रमाणे असतील असे म्हटले होते; ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) हा उल्लेख वगळला, आशय मात्र फारसा बदलला नाही. दिवाणी प्रकरणातील अटकेपासून अधिवेशनकाळात व त्याच्या मागेपुढे ४० दिवस संरक्षण असते. फौजदारी अटकेला ते लागू नाही. मत वा भाषणासाठी घेतलेली लाच विशेषाधिकारात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरविले.

सभागृहाच्या शिस्तविषयक अधिकारालाही मर्यादा आहेत. जुलै २०२१ मध्ये एका वर्षासाठी निलंबित झालेल्या १२ आमदारांत जामनेर व शिंदखेडा येथील आमदार होते. जागा रिक्त झाल्यास पोटनिवडणूक सामान्यतः सहा महिन्यांत घ्यावी लागते; वर्षभराच्या निलंबनात मात्र जागा रिक्तही होत नाही आणि मतदारसंघाला प्रतिनिधीही उरत नाही. अधिवेशनापलीकडचे हे निलंबन सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी रद्द केले.

पात्रतेसाठी भारतीय नागरिकत्व आणि किमान २५ वर्षे वय (विधानपरिषदेसाठी ३०) आवश्यक आहे. लाभाचे पद, नादारी, पक्षांतर आणि सामान्यतः दोन वर्षे वा अधिक कारावासाची शिक्षा ही अनर्हतेची प्रमुख कारणे होत. अपील दाखल केल्याने सदस्यत्व आपोआप टिकण्याची सवलत २०१३ पासून राहिलेली नाही.

खानदेशात खरा वाद राखीव जागांभोवती फिरतो. नंदुरबार जिल्ह्यातील चारही जागा आणि साक्री, शिरपूर व चोपडा या अनुसूचित जमातींसाठी, तर भुसावळ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. उमेदवार राज्यातील कोणत्याही मतदारसंघाचा मतदार असला तरी चालतो. नामनिर्देशनपत्रात मात्र त्याला आपली जात वा जमात नमूद करावी लागते. तापीकाठच्या टोकरे कोळी (एक अनुसूचित जमात) दाखल्यांवरून दीर्घकाळ तंटे झाले आहेत. अनुसूचित जमातींच्या यादीतील नोंदीचा अर्थ न्यायालयाने विस्तारू नये, हे तत्त्व २००० मध्ये पक्के झाले. जमातीशी सांस्कृतिक साधर्म्याची कसोटी एकटी निर्णायक नाही, असे २०२३ च्या निकालाने स्पष्ट केले. जात पडताळणी समितीसमोर अलीकडे जुन्या महसुली व शालेय नोंदींना मिळणारे वजन पाहता ही भूमिका अधिक ग्राह्य वाटते. निवडणुकीस आव्हान देणारी याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. तिन्ही जिल्ह्यांसाठी ती औरंगाबाद खंडपीठापुढे चालते.