पूर दिसतो, दुष्काळ दिसत नाही

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. राज्यभरातून बिस्किटांचे खोके, चादरी, पाण्याच्या बाटल्या भरून ट्रक निघाले. त्याच महिन्यात, त्याच जिल्ह्यात, जत-आटपाडीकडची गावं टँकरची वाट बघत होती. तिकडे कॅमेरे फारसे वळले नाहीत. पूर एका फोटोत मावतो: छपरावर बसलेली माणसं, होडी, गळ्यापर्यंत पाणी. दुष्काळाचा फोटो काढायचा म्हटला तर घागरींच्या रांगेपलीकडे हाती काय लागणार?

थॉमस आयझेनसी आणि डेव्हिड स्ट्रॉमबर्ग या अर्थतज्ज्ञांनी हा फरक मोजला. १९६८ ते २००२ मधल्या सुमारे ५,००० नैसर्गिक आपत्ती आणि अमेरिकी टीव्हीच्या बातम्या त्यांनी शेजारी शेजारी ठेवल्या. ज्वालामुखीत एक माणूस दगावल्यावर बातमी होण्याची जितकी शक्यता, तितकी अन्नटंचाईला मिळायला जवळपास ४०,००० मृत्यू लागत. आपत्ती ऑलिंपिकच्या दिवसांत आली तर बातमीची शक्यता घटे, आणि तिच्यामागोमाग सरकारी मदतीचीही.

युद्धांना हाच नियम लागतो. काँगोत १९९८ नंतरच्या युद्धकाळात गोळीपेक्षा हिवताप, जुलाब आणि उपासमारीने कितीतरी जास्त माणसं गेली. आंतरराष्ट्रीय बचाव समितीचा २००७ पर्यंतचा अंदाज ५४ लाख मृत्यूंचा आहे. त्यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. निम्माच धरला तरी २७ लाख होतात, आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख होती. तरी काँगोसाठी आपल्याकडे कुठल्या चौकात मेणबत्त्या लागल्याचं आठवतंय का? इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात नोव्हेंबर २०२० मध्ये युद्ध पेटलं आणि फोन, इंटरनेट तोडलं गेलं. पत्रकारांना आत जाणं मुश्कील झालं. तिथून फारसे व्हिडिओच बाहेर आले नाहीत, मग चिडणार तरी कोण आणि कशावर?

कॅमेरा पोचला तरी काम भागत नाही, चेहरा लागतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना ५ डॉलर देऊन त्यातले हवे तेवढे दान करायला सांगितलं. मालीतल्या सात वर्षांच्या रोकिया या एका मुलीची माहिती वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. आफ्रिकेतल्या लाखो भुकेल्यांची आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४. गंमत तिसऱ्या गटात आहे. त्यांना रोकिया आणि आकडेवारी दोन्ही दिलं, तर दान १.४३ वर घसरलं. म्हणजे आकड्यांनी भर घातली नाहीच, उलट चेहऱ्याने जागवलेली कणव विझवली.

पॉल स्लोविक हे मानसशास्त्रज्ञ या प्रयोगात होते. पुढे त्यांनी प्रत्यक्ष जगातलं उदाहरण तपासलं. २ सप्टेंबर २०१५ ला अ‍ॅलन कुर्दी या सिरियन बाळाचा मृतदेह तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आला. सिरियातलं युद्ध तेव्हा चार वर्षांचं होतं आणि मृत्यू दोन लाखांच्या पुढे गेले होते. फोटो आल्यावरच्या आठवड्यात स्वीडनच्या रेड क्रॉसकडे रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या सुमारे शंभरपट झाली. साधारण सहा आठवड्यांत ती पुन्हा खाली आली. युद्ध मात्र चालूच होतं.

तिसरी गोष्ट आपल्या-परक्याची. ही जवळीक किलोमीटरवर ठरत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात गेले, तेव्हा सातासमुद्रापारची लढाई त्या गावाच्या घराघरांत आली होती. पण 'आपली' बाजू एकदा ठरली की डोळेही तिच्याच कलाने बघू लागतात. १९८२ मध्ये बैरूतच्या साब्रा-शातिला भागात इस्रायलच्या लेबनीज साथीदारांनी पॅलेस्टिनी निर्वासितांचं हत्याकांड केलं. त्याच्या टीव्ही बातम्यांच्या एकूण ३६ मिनिटांच्या चित्रफिती स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या १४४ विद्यार्थ्यांना दाखवल्या गेल्या. इस्रायलच्या बाजूचे म्हणाले, बातम्या इस्रायलविरोधी आहेत. अरबांच्या बाजूचे म्हणाले, अरबविरोधी. फिती त्याच, मिनिटं तीच. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं निरीक्षण पुढेच आहे: दोन्ही गटांत ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांना पक्षपातही जास्त दिसला. वाचन वाढलं की नजर आपोआप निवळते, हा समज इथे टिकत नाही.

यात मोबाईलची भर. ५.६ लाखांहून अधिक ट्वीट तपासणाऱ्या २०१७ च्या अभ्यासात, नैतिक भावना भडकवणारा प्रत्येक जादा शब्द संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवताना दिसला, आणि तोही मुख्यतः आपल्याच गोटात. ते विषय अमेरिकी राजकारणाचे होते, युद्धाचे नव्हते, एवढं लक्षात ठेवायला हवं. चार वर्षांनी ७,३३१ जणांच्या १.२७ कोटी ट्वीटवरून दिसलं, की संतापाला लाइक मिळालेला माणूस पुढे जास्त संतापतो. पेंडीची चटक लागलेली म्हैस पाटी वाजली की मान वळवते, त्यातलाच प्रकार.

ही यंत्रणा ज्यांना ठाऊक असते ते तिचा वापरही करतात. इराकने कुवेत बळकावल्यावर, १० ऑक्टोबर १९९० ला, अमेरिकी खासदारांच्या एका मानवी हक्क गटासमोर १५ वर्षांच्या कुवेती मुलीने रडत सांगितलं, की इराकी सैनिकांनी इस्पितळात काचपेट्यांतून बाळं काढून जमिनीवर टाकली. ३१२ बाळांचा आकडा फिरू लागला. जानेवारी १९९१ मध्ये अमेरिकी सिनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी इराकविरुद्धच्या युद्धाला संमती दिली. वर्षभराने उघड झालं, की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची होती आणि साक्षीमागे एका जनसंपर्क कंपनीची मेहनत होती. काचपेट्यांच्या गोष्टीला पुरावा मिळाला नाही. इराकी फौजांनी कुवेतमध्ये अत्याचार केले होते हे मात्र खरं, आणि म्हणून तर खोटं इतकं सहज खपलं.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या रात्री व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी म्हणून फिरली. 'आर्मा ३' या युद्धाच्या गेमच्या कंपनीला तर, आपल्या गेममधली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून फिरताहेत, असा जाहीर खुलासा नोव्हेंबर २०२२ मध्येच करावा लागला होता. असा व्हिडिओ आला की तो थांबवून तीन-चार ठिकाणचे स्क्रीनशॉट घ्या. स्फोटाचे नकोत, सगळे स्फोट सारखेच दिसतात. दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट, मशिदीचा मिनार किंवा देवळाचा कळस, डोंगराची कड असलेले घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. मग सगळ्यात जुनी तारीख शोधा. आज घडलेल्या घटनेचा व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा सापडला, तर विषय संपला. शोध फसण्याची नेहमीची कारणं दोन: कुणीतरी चित्र आरशासारखं उलटं केलेलं असतं, किंवा कडा कापून लोगो उडवलेला असतो. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर चित्र पुन्हा पलटवून शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोत मूळ तारीख आणि ठिकाण शोधत बसू नका, पाठवताना ती माहिती गळून पडते.

व्हिडिओ खरा निघाला तरी मथळा उरतोच. त्यातलं क्रियापद बघा. 'क्षेपणास्त्र कोसळले, १२ जणांचा मृत्यू' आणि 'सैन्याने १२ जणांना ठार केले' ही एकाच घटनेची दोन वाक्यं असू शकतात. पहिल्यात मारणारा कुणीच नाही. आठवडाभर एकाच वर्तमानपत्रातले मथळे काढा, कुठल्या बाजूची माणसं 'मरतात' आणि कुठली 'मारली जातात' याच्या दोन रांगा करा. मग देशांची नावं अदलाबदल करून ते मथळे मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळेल, त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढा.